बोर्डिंग वाचवायचं तर आधी रात्रीचा हिशेब मांडा

प्रश्न असा आहे: "अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या मिशनच्या शाळेचं मुलांचं बोर्डिंग येत्या एप्रिलनंतर बंद करायचं, असं संस्थेने ठरवलंय. आमच्या वेळी दोनशेवर मुलं होती, आज ४१ आहेत. शाळा अनुदानित आहे, ती चालू राहील म्हणतात. आम्ही माजी विद्यार्थी १० लाख रुपये उभे करायला तयार आहोत. त्यात बोर्डिंग वाचेल का? नाहीतर कोर्टात जाता येईल का?"

१० लाखांत वाचणार नाही आणि कोर्टात जाऊनही वाचणार नाही. तरीही वाचण्याची शक्यता आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय. मी एका मिशनच्या बोर्डिंगमध्ये आधी बोर्डिंग मास्तर आणि नंतर हिशेबनीस म्हणून २७ वर्षं काढली. एक बोर्डिंग डोळ्यांदेखत बंद पडलं, दुसरं बंद पडता पडता राहिलं. दोन्हीकडे पैसा सारखाच कमी होता.

तुम्ही पहिला प्रश्न पैशाचा विचारलात. सगळेच तो आधी विचारतात. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: रात्री दोन वाजता पोराला उलटी झाली तर उठतं कोण? त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता आलं, तर पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

पूर्वी बोर्डिंग कशावर चालायचं, याची लोकांच्या मनात एक ठरलेली गोष्ट आहे: जर्मनी-स्वित्झर्लंडहून पैसा यायचा. यायचा, खोटं नाही. १८७८ च्या सुमारास केंदळ-वळणच्या बाजूला जेजुइट या कॅथलिक धर्मसंघाचे जर्मन फादर आले, पुढे संगमनेर, राहाता अशी केंद्रं झाली, नंतर स्विस फादरांनी काम पुढे नेलं. पण पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना नजरकैदेत टाकलं, मायदेशी धाडलं, तेव्हाही मिशनं टिकली. आईबाप हंगामाला ज्वारी-बाजरीचं पोतं आणून टाकायचे. आमच्या कोठाराच्या जुन्या वहीत रुपयांचे रकाने थोडे आणि पायलीचे जास्त आहेत. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव अण्णांनी मुष्टिफंडावर, म्हणजे घरोघरच्या मूठ-मूठ धान्यावर, पोरं जगवली, तीच रीत इकडे वेगळ्या नावाने चालू होती.

परदेशी पैशाहून मोठा आधार होता तो फुकटच्या रात्रीचा. आमच्याकडे एक ब्रदर होते, म्हणजे संघाचं व्रत घेतलेले, पण फादर नसलेले. हॉलच्या कोपऱ्यातल्या खोलीत दार उघडं ठेवून १९ वर्षं झोपले. पगार नाही, रजा नाही, ओव्हरटाइम हा शब्दही नाही. कोण झोपेत चालतो, कोणाला अंथरुणात होतं, कोणाचा बाप पिऊन रविवारी भेटायला येतो, सगळं त्यांच्या डोक्यात. ते गेले तेव्हा त्यांच्या जागी कोणी आलं नाही, कारण संस्थेत तरुण ब्रदरच उरले नव्हते. मग पगारी वॉर्डन ठेवला. एका वर्षात तिघे बदलले.

दुसरा छुपा आधार पगाराचा. अनुदानित शाळेत शिकवणारे फादर किंवा सिस्टर यांचा सरकारी पगार त्यांच्या खिशात राहत नाही, तो मठाच्या सामायिक पेटीत जातो. आमच्या बोर्डिंगचं डाळ-तांदूळ वर्षानुवर्षं त्या पेटीतून यायचं आणि हिशेबात कुठेच दिसायचं नाही. हे शिक्षक निवृत्त होत गेले. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि अनेक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. जे उरले त्यांच्या पगारातून आता आयकरही कापला जातो. हा पगार व्यक्तीचा नसून धर्मसंघाचा आहे, हे म्हणणं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केलं नाही. तेव्हा संस्था जेव्हा म्हणते की "आम्हाला परवडत नाही", तेव्हा ती बहुतेक खरंच बोलत असते. माजी विद्यार्थी मात्र या वाक्यामागे जमिनीचा डाव शोधतात. डाव असतोही कधी, पण सुरुवात तिथून करू नका. फादर तुमच्याशी बोलायचेच बंद होतील.

आता पैसा. तुमच्या ४१ मुलांचाच हिशेब मांडतो. आकडे आमच्याकडच्या बाजारभावाचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील. सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून दर मुलामागे महिन्याला २,००० रुपये. ४१ मुलांचे झाले ८२,०००. याखेरीज मुलं ४१ असोत की ३१, न चुकणारा खर्च: स्वयंपाकाच्या दोघी मावश्या १८,०००, वॉर्डन १५,०००, रात्रीचा वॉचमन १०,०००, वीज-पाणी-गॅस १४,०००, डागडुजी ८,०००, साबण-औषधं ४,०००. बेरीज ६९,०००. दोन्ही मिळून महिन्याला १,५१,०००.

फी किती घेता ते तुम्ही लिहिलं नाही. तुमच्यासारख्या बोर्डिंगमध्ये साधारण १,२०० घेतात असं धरलं, तर जमा ४९,२०० आणि तूट १,०१,८००. शाळेचे १० महिने धरले तरी वर्षाला १० लाखांवर. म्हणजे तुमचे १० लाख जेमतेम एक वर्ष पुरतील आणि पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही पुन्हा इथेच उभे असाल, फरक एवढाच की तेव्हा देणगीदार थकलेले असतील. कोणी म्हणेल, बँकेत ठेवू आणि व्याजावर चालवू. ७ टक्क्यांनी वर्षाचे ७०,००० येतात. त्यात २० दिवस निघतात.

इथे आणखी एक गैरसमज आहे आणि त्याने मी चांगली शहाणी माणसं फसलेली पाहिली आहेत. "मुलं वाढवा, तूट आपोआप कमी होईल." जेवणाला २,००० लागतात आणि फी १,२०० आहे, म्हणजे प्रत्येक नवं मूल ८०० रुपयांची तूट घेऊन दारात येतं. ८० मुलं झाली तर बोर्डिंग भरलेलं दिसेल, फोटो छान येतील आणि तूट आणखी वाढेल. मुलं वाढवण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा फी निदान ताटाइतकी तरी असेल.

पण सरसकट फी वाढवली की आधी गळतात ती ज्यांच्यासाठी बोर्डिंग आहे तीच पोरं. म्हणून आम्ही तीन पायऱ्या केल्या. बाप चाकण-वाळूजला कंपनीत कायम आहे, आजीकडे पोर ठेवण्याऐवजी बोर्डिंगला ठेवलंय, अशा घरांकडून पूर्ण ३,०००. ज्यांची थोडी जिरायत जमीन आणि बाकी मजुरी, त्यांच्याकडून १,८००. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याकडून ५००. शून्य कोणालाच नाही. फुकट म्हटलं की आईबाप भेटायलाही येत नाहीत, हा माझा अनुभव. कोणाला कठोर वाटला तर वाटो. तुमच्या ४१ पैकी १५ पहिल्या पायरीत, १६ मधल्या, १० खालच्या धरा. ४५,००० अधिक २८,८०० अधिक ५,०००, एकूण ७८,८००. ताटाचा खर्च जवळजवळ निघाला. उरली महिन्याची ७२,२०० ची तूट, १० महिन्यांची ७,२२,०००. सुट्टीच्या दोन महिन्यांत वॉर्डन आणि वॉचमनला पगार द्यावाच लागतो, ते ५०,०००. एकूण ७,७२,०००. आता माजी विद्यार्थ्यांकडून एकदाच १० लाख मागू नका. १३० जणांनी महिना ५०० रुपये बँकेतून आपोआप जातील अशी सोय केली, तर वर्षाचे ७,८०,००० होतात. ८,००० उरतात, त्यात खरजेचं मलम येतं. बोर्डिंगमध्ये खरूज एका पोराला कधीच होत नाही, हे तुम्हाला आठवत असेलच.

१३० माणसं कुठे मिळतील? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नाही. तिथे हात जोडलेले बाहुले मिळतात. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला निम्मा जिल्हा जमतो, तिथे टेबल टाकून बसा, समोरासमोर बँकेचा फॉर्म भरून घ्या. आम्ही पहिल्या वर्षी दोन दिवसांत ३७ फॉर्म भरले. त्यातले ९ तीन महिन्यांत बंद पडले, तेवढं गृहीत धरा.

खर्च कमी करायच्या दोन जागा बहुतेक बोर्डिंगांच्या लक्षात येत नाहीत. पाचवी ते आठवीच्या मुलांना अनुदानित शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो. तो बोर्डिंगची मुलंही शाळेतच जेवतात की त्यांना पुन्हा बोर्डिंगमध्ये वाढलं जातं, ते बघा. आमच्याकडे कित्येक वर्षं दोन्हीकडे शिजत होतं. दुसरं, वसतिगृहांना सवलतीच्या दरात धान्य देणारी केंद्राची योजना आहे. तिची अट अशी की दोन तृतीयांश मुलं अनुसूचित जाती-जमाती किंवा इतर मागासवर्गातली हवीत. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन रीतसर अर्ज करा. एकदा जाऊन काम होणार नाही, हे काही वेगळं सांगायला नको.

देणगीच्या कागदपत्रांबद्दल थोडं, कारण इथे उत्साहात घोटाळे होतात. पैसा कोणाच्याही वैयक्तिक फोनवर घेऊ नका, मुख्याध्यापकांच्या तर नाहीच नाही. संस्थेच्या खात्यात घ्या, पावती द्या, देणाऱ्याचा पॅन घ्या. संस्थेकडे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी ८०जी नोंदणी असेल तर २,००० च्या वर रोख घेतलेल्या देणगीला सवलत मिळत नाही. तुमचे काही मित्र दुबई-कुवेतला असतील. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशाचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, त्याचा पैसा विदेशी देणगीच. त्याला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते, तो दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीने आणखी एक नळ बंद केला: एका संस्थेने घेतलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी बिशप हाऊस किंवा प्रोव्हिन्स (धर्मसंघाचं प्रांतिक कार्यालय) परदेशातून घ्यायचं आणि लहान बोर्डिंगांना वाटायचं. तुमच्या बोर्डिंगची संस्था वेगळी नोंदलेली असेल आणि तिची स्वतःची एफसीआरए नसेल, तर तो मार्ग संपला. "आमचे फादर पूर्वी आणायचे, आताचे का आणत नाहीत," असं यात्रेत बोलणाऱ्या काकांना हे सांगा.

कोर्टाबद्दल. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. त्यातून तुम्हाला, मला किंवा गावाला त्या चालवायला भाग पाडायचा हक्क निघत नाही. बोर्डिंग तर शाळाही नाही, त्याला अनुदान नाही, शिक्षण खात्याचा त्याच्याशी संबंध पटसंख्येपुरता. एक जागा मात्र आहे. उद्या जमीन-इमारत विकायची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची झाली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि तिथे तुमचं म्हणणं मांडता येतं. सातबारा काढून ठेवा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर महसूल खात्याचीही गाठ आहे. पण हे इमारत वाचवण्याचं झालं. रिकामी इमारत वाचवून तुम्ही काय करणार?

यापेक्षा मोठा जोर तुमच्याकडे आहे आणि तो शाळेच्या स्टाफरूममध्ये बसलाय. बोर्डिंगची ४१ मुलं उठली की शाळेचा पट ४१ ने उतरतो. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ती पटावर ठरते आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर ते गणित आणखी कडक झालंय. आठवी-नववीची एखादी तुकडी बोर्डिंगच्या दहा-बारा पोरांवरच उभी असते. ती गेली की एक-दोन शिक्षक अतिरिक्त ठरतात, मग पालक म्हणतात शाळेत शिक्षक नाहीत आणि गावातलीही मुलं काढतात. संस्था म्हणते शाळा चालू राहील. पाच वर्षांचा पट समोर ठेवून हे वाक्य पुन्हा म्हणायला सांगा. आमच्याकडे शिक्षकांना हे उमगलं तेव्हा त्यातल्या चौघांनी आळीपाळीने संध्याकाळचा अभ्यास घ्यायचं कबूल केलं. फुकट. त्याआधी ते साडेपाचच्या एसटीला धावायचे.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर माजी विद्यार्थी रागावतात. हे बोर्डिंग आज कोणासाठी आहे?

आपल्या वेळी उत्तर सोपं होतं. वस्तीवर कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणाऱ्या) मास्तरांची चौथीपर्यंतची शाळा, पुढे शिकायचं तर मिशनचं बोर्डिंग. आणि आपल्या लोकांना, म्हणजे दलित ख्रिस्त्यांना, दुसरं दारही नव्हतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. एकाच वाड्यातले दोन चुलतभाऊ, एकाला समाजकल्याणच्या वसतिगृहात अनुसूचित जातीची जागा, दुसऱ्याला नाही, कारण त्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. महाराष्ट्रात तो इतर मागासवर्गात मोजला जातो. २०२२ मध्ये केंद्राने न्या. बालकृष्णन आयोग नेमला तो या प्रश्नावरच. त्या चुलतभावाला मिशनच्या बोर्डिंगने शिकवलं. तो आज तुमच्या ग्रुपचा अॅडमिन असेल.

पण आज मोठ्या गावात दहावीपर्यंत शाळा आहे. मुलींना एसटीचा पास फुकट आहे. ज्यांना थोडी ऐपत आहे ते इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये पोर बसवतात. ती शाळाही कधी कधी आपल्याच सिस्टरांची असते. म्हणून ४१ मुलांची वही करा. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: घर कुठे, आठवीचा वर्ग असलेली जवळची शाळा किती लांब, ऑक्टोबर ते मार्च घरी कोण असतं, आणि आज फी किती देतात. आम्ही केलं तेव्हा ५८ मुलांत २३ ऊसतोडीवाल्यांची निघाली, ११ जणांना आई किंवा बाप एकच किंवा दोन्ही नाहीत. उरलेल्या २४ पैकी निम्म्यांना घरून शाळेत जाता आलं असतं.

तिसरा रकाना का महत्त्वाचा, ते सांगतो. एका ऑक्टोबरच्या रात्री मी बॅटरी घेऊन पोरं मोजत होतो. अंथरुणं ६४, डोकी ६३. संडासात नाही, विहिरीवर नाही, चर्चमध्ये नाही. सातवीतला एक पोरगा नव्हता. ब्रदरांनी मोटारसायकल काढली, मी मागे बसलो, एक रस्ता, मग दुसरा. साडेपाचला, उजाडायच्या आधी, ११ किलोमीटरवरच्या त्याच्या वस्तीवर तो सापडला. घरासमोरच्या ओट्यावर बसला होता. ऊसतोडीची टोळी आदल्या संध्याकाळीच कारखान्याला गेली होती, म्हातारीलाही कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीवर, नेलं होतं. ब्रदरांनी विचारलं, "कशाला आलास रे?" तो म्हणाला, "कुलूप लावलं का बघायला." कुलूप लावलेलं होतं. त्याला घेऊन आलो, चहा-पाव दिला, प्रार्थनेच्या घंटेला तो रांगेत होता.

अशा मुलासाठी बोर्डिंग हवं. तुमच्या ४१ मध्ये अशी २० निघाली तर मी सांगेन, भांडा. ४ निघाली तर सांगेन, त्या चौघांची जवळच्या दुसऱ्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये सोय करा, त्यांचा खर्च तुमच्या ग्रुपने उचला आणि हे बंद होऊ द्या. आपल्या लहानपणाच्या आठवणींसाठी महिना दीड लाखांची इमारत चालू ठेवणं हा मला तरी शहाणपणा वाटत नाही. हे लिहिताना माझाही जीव दुखतो, माझी उमेदीची वर्षं तिथे गेलीत.

ऊसतोडीवाल्यांची मुलं बरीच निघाली तर एक मधला मार्ग आहे, जो आमच्याकडे लागू पडला: हंगामी बोर्डिंग. बाराही महिन्यांच्या ३५ मुलांसोबत दिवाळीनंतर आणखी ३० मुलं येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. सरकारचीही हंगामी वसतिगृहं आहेत आणि २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाची ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची योजना आहे, तिचं वसतिगृह तुमच्या तालुक्यात आहे का ते आधी बघा. असेल आणि नीट चालत असेल तर आपण दुसरं कशाला उघडायचं? नसेल तर टोळी नेणाऱ्या मुकादमांना जाऊन भेटा. पालकांना भेटून उपयोग नाही असं नाही, पण टोळी कधी हलणार हे मुकादमाला माहीत असतं आणि पोरांची फी उचलीतून (हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेतून) वेगळी काढून ठेवायला तोच सांगू शकतो. आमच्याकडचा एक मुकादम स्वतः बोर्डिंगचा माजी विद्यार्थी होता. फादरांना जे तीन वर्षांत जमलं नाही ते त्याने एका आठवड्यात केलं.

पुन्हा रात्रीकडे. पगारी वॉर्डन मिळतो; टिकत नाही, कारण १५,००० मध्ये कुटुंब सोडून २४ तास कोण राहणार? आमचे तीन गेले ते याच कारणाने. चौथ्या वेळी आम्ही जोडपं घेतलं. नवरा वॉर्डन, बायको स्वयंपाकघरात, राहायला दोन खोल्या, त्यांच्या दोन मुलांना शाळा फुकट. सात वर्षं झाली, अजून आहेत. खोल्या दुरुस्त करायला एकदाच सव्वा लाख लागले. तुमच्या १० लाखांतले पैसे खर्च करायचे तर आधी अशा कामावर करा: खोल्या, संडास, पाण्याची टाकी, कंपाउंड. महिन्याच्या तुटीत एकरकमी देणगी ओतू नका.

आणि एकट्या माणसाच्या भरवशावर ६० पोरं झोपवायचे दिवस गेले, ते बरंच झालं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग कळणारा फादर असो की शिपाई. वॉर्डन, वॉचमन, स्वयंपाकी सगळ्यांची पोलीस पडताळणी करा. रात्री दोन मोठी माणसं हवीतच. मुलांना तक्रार करता येईल असा बाहेरचा एक माणूस हवा, ज्याचा फोन नंबर भिंतीवर लावलेला असेल. आमच्याकडे एक निवृत्त नर्सबाई महिन्यातून दोनदा येतात, केसातल्या उवा बघायच्या निमित्ताने. पोरं त्यांना जे सांगतात ते आम्हाला कधी सांगत नाहीत. ज्यांना आईबाप नाहीत किंवा ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशी मुलं ठेवत असाल, तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी लागते का, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारून त्यांचं उत्तर फाइलला लावा. "पन्नास वर्षं कोणी विचारलं नाही" हे उत्तर आता कोणी ऐकून घेत नाही.

आज बोर्डिंगमध्ये बिगरख्रिस्ती मुलं निम्मी तरी असतील. सकाळची मिस्सा आणि संध्याकाळची जपमाळ त्यांना सक्तीची ठेवू नका. घटनेचं कलम २८(३) सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या संस्थेबद्दल आहे. त्यात पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. बोर्डिंग वेगळं आहे असा वाद घालत बसण्यापेक्षा प्रवेशाच्या फॉर्मवर लेखी विचारा आणि ज्यांना नको त्यांना त्या वेळेत अभ्यासाला बसवा. आमच्याकडे तशी सोय केल्यावरही बहुतेक पोरं नाताळच्या गव्हाणीला माती कालवायला सगळ्यात पुढे असतात, ते वेगळं.

बंद करायचंच ठरलं तर दोन गोष्टींसाठी मात्र हट्ट धरा. नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांना बोर्डाच्या वर्षात दुसऱ्या गावी ढकलू नका. दहावीची एक तुकडी तरी शेवटपर्यंत ठेवा, मग कुलूप लावा. आणि स्वयंपाकाच्या मावश्या. फादरांची बदली होते, शिक्षकांना दुसऱ्या शाळेत समायोजन असतं, मावशींना काहीच नसतं. आमच्याकडचं जे बोर्डिंग बंद पडलं, त्याला कुलूप लागलं तेव्हा ३१ वर्षं भाकरी थापलेल्या बाईंच्या हातात एक साडी आणि शाल ठेवली. निरोपाच्या भाषणांत सगळ्या फादरांची नावं घेतली गेली, तिचं नाव कोणालाच पूर्ण माहीत नव्हतं. संस्थेला विचारा की त्यांच्या नावावर पीएफ, ग्रॅच्युइटी काही आहे का. नसेल तर तुमच्या १० लाखांतला पहिला वाटा तिकडे गेला तरी मला चालेल.

आता काय करायचं ते. प्रवेश एप्रिल-जूनमध्ये होतात, म्हणून संस्थेचा निर्णय फिरवायचा तर तो दिवाळीच्या आसपासच. नंतर वॉर्डनला नोटीस गेलेली असते, मावश्यांनी दुसरं काम धरलेलं असतं आणि पालकांनी दाखले मागायला सुरुवात केलेली असते. शिष्टमंडळ म्हणून पंचवीस जण जाऊ नका. तिघे जा: एक माजी विद्यार्थी, एक आताचा पालक, एक शाळेतला शिक्षक. स्थानिक फादरांना आधी सांगा, त्यांच्या डोक्यावरून थेट प्रोव्हिन्शियलांकडे, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांकडे, गेलात तर तुमचाच माणूस दुखावेल. गेल्या तीन वर्षांचे बोर्डिंगचे ऑडिट केलेले हिशेब मागा. शाळेपासून वेगळे असतील तर. नसतील, आणि बहुधा नसतीलच, तर वेगळे मांडून द्यायची तयारी दाखवा. कायमचं चालवा असं म्हणू नका. तीन वर्षं मागा, दर सहा महिन्यांनी हिशेब दाखवू असं लिहून द्या आणि तूट ठरल्यापेक्षा वाढली तर आम्हीच बंद करा म्हणून सांगू, हेही लिहा. या शेवटच्या वाक्यावर आमचे प्रोव्हिन्शियल पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

जाताना ४१ नावांची वही बरोबर न्या. पहिल्या पानावर रात्री राहणाऱ्या दोघांची नावं लिहा, आणि ती दोन माणसं तयार आहेत की नाहीत हे आधी त्यांना विचारून घ्या.